गावच्या जुन्या दगडी पुलाचा इतिहास कसा काढायचा? आधी पुलाखाली उतरा, मग कागद शोधा

प्रश्न असा आलाय की गावच्या नदीवर पाच गाळ्यांचा, म्हणजे खांबांमधल्या पाच कमानींचा, जुना दगडी पूल आहे, त्याच्या दोन कमानी टोकदार आहेत आणि तीन गोल, टोकदार आणि गोल कमानीच्या मधल्या खांबाजवळ उभी भेग पडलीय, शेजारी नवीन पूल मंजूर झालाय आणि जुना पाडायचं चाललंय. गावात कुणी म्हणतं पूल महाराजांच्या काळातला, कुणी म्हणतं अहिल्यादेवींनी बांधला, कुणी म्हणतं इंग्रजांचा. तर खरं काय ते शोधायचं कसं आणि पाडायच्या आधी काय बघून ठेवायचं.

मी तीसेक वर्षं पुलांची तपासणी आणि दुरुस्ती याच कामात आहे, त्यातली बरीच वर्षं दगडी कमानींच्या पुलांखाली गेली. सरळ सांगतो, दोन कमानी टोकदार आणि तीन गोल हे तुम्ही जे सहज लिहून गेलात ना, तिथंच निम्मं उत्तर आहे. गावात पूल इंग्रजांच्या आधीचा म्हणणारे आणि इंग्रजांचा म्हणणारे जे वाद घालतायत ते बहुतेक दोघंही थोडे थोडे बरोबर असणार, कारण तुमच्याकडे एक पूल नाहीये, दोन पूल एकमेकाला जोडलेले आहेत. कधीतरी जुन्या पुलाचे तीन गाळे वाहून गेले आणि नंतरच्या लोकांनी ते त्यांच्या पद्धतीने बांधले, किंवा नदीने पात्र रुंद केलं म्हणून पूल लांबवला. दोन्ही गोष्टी मी पाहिल्यात. आणि भेगेची जागा तुम्ही जी सांगताय ती याच्याशी अगदी जुळते.

म्हणून पहिली गोष्ट, पुलाला एकच साल शोधायला जाऊ नका. लोकांना फलकावर लिहायला एक आकडा हवा असतो, पण दगडी पुलाला एक वय नसतंच. पाया एका काळातला, खांब त्याच्या वरचे, कमानी एखाद्या पुरानंतर नव्याने केलेल्या, कठडे त्याच्याही नंतरचे, आणि वरचं डांबर मागच्या वर्षीचं. इतिहास काढायचा म्हणजे यातलं काय कधीचं हे वेगळं करायचं. हे नुसतं हौसेचं काम नाही हो. माझ्या अनुभवात भेगा जातात त्या बहुतेक दोन काळातली बांधकामं जिथे एकमेकाला टेकतात तिथूनच, त्यामुळे इतिहास नीट कळला तर पुलाचं दुखणंही अर्धं कळतं.

मे महिन्यात जा, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा, आणि वरून नाही, खाली उतरून बघा. सोबत टेप, ओळंबा, खडू, एक छोटी हातोडी आणि मोबाईल एवढं पुरे. सकाळी ऊन तिरपं असताना गेलात तर दगडावरच्या टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, खुणा स्पष्ट दिसतात, दुपारी बारा वाजता काहीच दिसत नाही, हे मी सुरुवातीची चार-पाच वर्षं वाया घालवून शिकलो.

आधी कमानीचा आकार. टोकदार कमान म्हणजे दोन बाजूंचे वळसे वर एका टोकाला भेटतात ती, ही आपल्याकडे सुलतानी काळापासून रुळली आणि मराठेशाहीत तीच चालू राहिली. हैदराबादचा मुसीवरचा पुराना पूल १५७८ चा, त्याच्या कमानी बघा म्हणजे डोळा तयार होईल. आपल्याकडे प्रतापगडाच्या पायथ्याला पार गावाजवळ कोयनेवरचा दगडी पूल शिवकालीन मानतात आणि तो अजून उभा आहे, जमलं तर तो एकदा जाऊन बघाच. छत्रपती संभाजीनगरला मकाई दरवाजासमोर खाम नदीवरचा पूल आहे तोही बघण्यासारखा. इंग्रजी अमदानीत बांधकाम खात्याच्या ड्रॉइंगवर बांधलेले पूल बहुतेक अर्धवर्तुळाकार किंवा त्याहून चपट्या कमानीचे असतात, कारण चपटी कमान केली की रस्ता फार उंच न उचलता मोठा गाळा पार करता येतो. पण नुसत्या आकारावरून निकाल देऊ नका. गवंडी आणि पाथरवट तेच होते, राज्य बदललं म्हणून त्यांचा हात एका रात्रीत बदलला नाही, त्यामुळे इंग्रजी काळातही संस्थानांमधून टोकदार कमानी झालेल्या आहेत. आकार हा संशय घ्यायला चांगला, पुरावा म्हणून एकटा पुरत नाही.

मग दगड बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो काळा पाषाण म्हणजे बेसाल्टच, दगडाची जात बघून काळ कळत नाही पण दगड काढला कसा आणि घडवला कसा ते कळतं. काही चिऱ्यांच्या कडेला ओळीने चौकोनी खाचा दिसतात, तिथे पाचर ठोकून दगड फोडलेला असतो. काही दगडांवर अर्ध्या नळीसारखा लांब गोल खाच दिसते, तो सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाचा अर्धा भाग, दगड तिथून फुटला. खांबाच्या खालच्या थरांत सगळ्या पाचरीच्या खाचा आणि वरच्या थरांत सगळीकडे सुरुंगाच्या नळ्या असं दिसलं तर मध्ये कुठेतरी काळ बदललाय. ती रेघ खडूने मारा आणि फोटो काढा. एका पुलाच्या तपासणीत माझ्यासोबत एक म्हातारे वडार काका होते, ते नुसता हात फिरवून सांगायचे की इथून वर दुसऱ्या टोळीचं काम आहे, आणि मग मी टेप लावला की खरंच थराची उंची तिथून बदललेली असायची, खाली नऊ-दहा इंचाचे थर आणि वर एकदम फुटाचे. त्यांना मी विचारलं कसं कळतं, तर म्हणाले टाकीचा घाव प्रत्येकाचा वेगळा, अक्षरासारखा. तेव्हापासून मी आधी हात फिरवतो आणि मगच टेप काढतो.

टेपचं एक सांगतो, मापं मीटरमध्ये घेऊ नका, फूट-इंचात घ्या. आपल्याकडे मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू आली. गाळा बरोबर ३० फूट किंवा ४० फूट भरला, खांब बरोबर ६ फूट भरला, तर ते बांधकाम फुटाच्या ड्रॉइंगवरून झालंय हे नक्की. गाळे एकमेकांशी जुळतच नाहीत, एक साडेबावीस फूट आणि शेजारचा चोवीस फूट सात इंच, तर जिथे खडक सापडला तिथे खांब उभा केलेला आहे, ही जुनी रीत. माझी पैज आहे की तुमच्या टोकदार दोन गाळ्यांची मापं अशी वेडीवाकडी भरतील आणि गोल तिन्ही गाळे इंचाला इंच सारखे निघतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चुना. दरजांमधला, म्हणजे दोन दगडांच्या सांध्यातला माल, थोडा खरवडून हातावर घ्या, पण वरवरचा नाही, दोन-तीन इंच आतला घ्या, कारण वरच्या दरजा नंतर कुणीतरी भरलेल्या असतात. चुन्याचा माल पांढरट किंवा मातकट असतो, त्यात न मुरलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. गुलाबी छटा असेल तर त्यात सुर्खी म्हणजे विटांची पूड घातलेली आहे, पाण्यातल्या कामाला सुर्खी मुद्दाम घालायचे कारण त्याने चुना पाण्याखालीही धरतो. हा माल बैल जुंपलेल्या घाणीत मळायचे, दगडी चाक गोल चरात फिरायचं. तुमच्या पुलाच्या आसपास शंभर-दोनशे पावलांत अशी घाणीची गोल चर किंवा बेवारस पडलेलं दगडी चाक आहे का ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. मिळालं तर ते उचलून कुणाच्या फार्महाऊसच्या दारात जाऊ देऊ नका, पुलाइतकंच तेही जपायचं.

माल करडा आणि कडक, नखाला अजिबात न येणारा असेल तर सिमेंट. भारतात सिमेंट बनवायचा पहिला प्रयत्न मद्रासला १९०४ मध्ये झाला आणि नीट उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं, त्याआधी सिमेंट विलायतेहून यायचं आणि ते खेड्यातल्या पुलाला सहसा कुणी वापरत नव्हतं. त्यामुळे आतला, मूळचा माल सिमेंटचा निघाला तर तो भाग पहिल्या महायुद्धानंतरचा धरायला हरकत नाही. मात्र मूळचा कुठला आणि दुरुस्तीचा कुठला हे ओळखायला आतपर्यंत बघावं लागतं, इथेच बऱ्याच लोकांची फसगत होते.

अजून दोन-तीन खुणा. कमान जिथून सुटते तिथे आतल्या बाजूला काही दगड मुद्दाम चार-सहा इंच बाहेर काढलेले असतात, त्यावर कमानीचा लाकडी साचा टेकवलेला असायचा. भिंतीत ओळीने चौकोनी भोकं असतील तर ती परांचीची. खांबाला वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, पाणी कापायला नाक काढलेलं असतं, ते कुठे टोकदार कुठे अर्धगोल. तुमच्या पाचही खांबांची, म्हणजे खरं तर पाच गाळ्यांना मधले खांब चारच, त्या चारांची नाकं सारखी आहेत का ते बघा. आणि शिलालेख शोधताना फक्त कठड्यावर शोधू नका, मधल्या कमानीच्या कळीच्या दगडावर, म्हणजे कमानीच्या अगदी डोक्यावरच्या दगडावर, बाहेरच्या अंगाला बघा, आणि गावाकडच्या टोकाला मारुतीचं किंवा म्हसोबाचं ठाणं असेल तर त्याच्या जोत्यातही बघा. कित्येकदा पूल दुरुस्त करताना निघालेला अक्षरांचा दगड लोकांनी देवाजवळ नेऊन लावलेला असतो.

साल सापडलं तर ते कुठलं आहे ते नीट ओळखा. शक असेल तर ७८ मिळवा, म्हणजे शके १७०० म्हणजे साधारण इ.स. १७७८. संवत असेल तर ५७ वजा. मराठी कागदात शुहूर सन असतो त्यात ५९९ मिळवायचे, आणि मराठवाड्यात निजामाच्या वेळचा फसली असेल तर ५९०. मी एका ठिकाणी फसली सन इंग्रजी समजून तेराव्या शतकातला पूल म्हणून मोठा फलक लावलेला पाहिलाय, पूल खरं तर १८९० च्या आसपासचा होता. गावाने तो फलक फार प्रेमाने लावलेला, बदला म्हणून सांगताना मला जिवावर आलं पण सांगितलं, आणि त्यांनी बदललाही.

अहिल्यादेवींचं नाव का येतं तेही सांगतो. त्यांनी देशभर घाट, मंदिरं, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्यामुळे नदीकाठचं कुठलंही चांगलं दगडी काम लोक त्यांच्या नावावर देतात, त्यात लोकांची कृतज्ञता आहे, मी ती चूक म्हणून उडवून लावणार नाही. पण नाशिकचं उदाहरण लक्षात ठेवा. गोदावरीवरचा अहिल्यादेवी होळकर पूल १८९५ चा, इंग्रजांनी बांधला तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया पूल होतं, आणि अहिल्यादेवी तर १७९५ मध्येच गेल्या. नाव नंतर दिलं गेलं. दोन-तीन पिढ्या गेल्या की नाव देणं आणि बांधणं यातला फरक गावाच्या आठवणीतून निघून जातो. उलटंही होतं, पुण्यातला लकडी पूल पेशवाईत खरंच लाकडी होता, आज त्यात लाकडाचा तुकडा नाही आणि कागदोपत्री तो संभाजी पूल आहे, तरी रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगावं लागतं. म्हणजे नावावरून कधी पूल जुना वाटतो, कधी पूल बदलतो आणि नाव तेच राहतं.

आता कागद. तुमचा भाग पूर्वी कुणाच्या राज्यात होता हे आधी ठरवा, कारण कागद तिथे मिळणार. खालसा मुलूख म्हणजे थेट इंग्रजांचा असेल तर मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर्स बघा, ती १८८० च्या दशकात निघाली, सातारा आणि पुणे १८८५, नाशिक १८८३, कोल्हापूर १८८६ अशी. त्यात व्यापाराच्या प्रकरणात रस्ते, पूल, नावा आणि टोलनाके यांची माहिती असते. ती आता ऑनलाईन फुकट वाचता येतात. तुमच्या रस्त्याचा उल्लेख असून तिथे नदीवर पूल न सांगता नाव म्हणजे होडी चालते असं लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं आहे, कारण याचा अर्थ तेव्हा पूल नव्हता किंवा पडलेला होता. कृष्णाकाठी तर लोक गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायचे, अशा आठवणी अजून घराघरात आहेत, त्या लिहून घ्या. आजी म्हणते आमच्या लग्नाचं वऱ्हाड काहिलीतून आलं, तर लग्नाचं साल काढा, पूल नंतरचा किंवा मध्ये काही वर्षं मोडलेला.

संस्थानी मुलूख असेल, कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, भोर, जत, तर त्या त्या दरबारच्या वार्षिक अहवालात बांधकामाचं प्रकरण असतं. सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा, तो संस्थानानेच उभा केला, आणि आजही सांगलीत पूर मोजतात तो त्याच पुलाशी, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. मराठवाड्यातला पूल असेल तर कागद हैदराबादच्या बाजूला आणि उर्दू-फारसीत. पेशवाईतलं काही असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, सगळं मोडीत, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस सोबत लागतो, आज मोडी शिकलेली तरुण मुलं बरीच आहेत, त्यांना हाक मारा, ती आनंदाने येतात.

आणि ज्या कागदाकडे कुणीच जात नाही तो म्हणजे भूमी अभिलेखचा जुना गावनकाशा. त्यात रस्ता नदीपाशी कुठे येतो ते बघा. रस्ता पुलाच्या जागी न येता दोनशे हात वर किंवा खाली नदीला भिडत असेल तर जुना उतार तिथे होता, म्हणजे नकाशा झाला तेव्हा पूल नव्हता. बांधकाम खात्याच्या सेक्शन ऑफिसात पुलांचं रजिस्टर असतं, त्यात बांधल्याचं साल नुसतं ब्रिटिशकालीन असं लिहिलेलं सापडेल, त्यावर थांबू नका, दुरुस्तीच्या नोंदी मागा, त्या जास्त कामाच्या. गरज पडली तर माहितीच्या अधिकारात मागा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजी काळातला पूल म्हणजे इंग्रजांनी बांधला असं आपण पटकन बोलतो. ड्रॉइंग त्यांचं, पैसा मात्र बऱ्याचदा लोकल फंडातून, म्हणजे शेतसाऱ्यावर बसवलेल्या जादा पट्टीतून आलेला, आणि हात वडार, पाथरवट, बेलदार, गवंड्यांचे. १८७६-७८ च्या आणि पुढे १८९६ ते १९०० च्या दुष्काळात रस्त्यांची कामं काढली होती, त्या कामांवर उपाशी माणसं खडी फोडत होती, मोबदला जेमतेम जगण्यापुरता. तुमच्या रस्त्याचं काम त्या सालांत निघालेलं सापडलं तर फलकावर फक्त गव्हर्नरचं किंवा इंजिनिअरचं नाव लिहू नका. गावातल्या कुठल्या घरांचे पूर्वज त्या कामावर होते ते विचारा, वडार वस्तीत जाऊन विचारा. त्यांच्याकडून जे मिळतं ते कुठल्याच गॅझेटियरमध्ये नाही.

आता भेगेकडे येतो. कमान उभी राहते ती दाबावर. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि तो दाब खाली आणि बाहेरच्या बाजूला खांबावर जातो. मधल्या खांबाला दोन्हीकडून कमानी ढकलतात, म्हणून तो सरळ उभा. पण एका बाजूला टोकदार उंच कमान आणि दुसऱ्या बाजूला चपटी रुंद कमान असेल तर ढकलणं सारखं नसतं, चपटी कमान बाहेर जास्त ढकलते. तुमच्या भेगेचा खांब नेमका तोच आहे, एका अंगाला टोकदार आणि दुसऱ्या अंगाला गोल. तिथे जुना खांब फोडून नवीन कमानीचं बूड त्यात बसवलं असेल आणि जुन्या-नव्या दगडांची गुंफण नीट केली नसेल तर भेग तिथेच पडणार. ती भेग शंभर वर्षांपूर्वीचीही असू शकते आणि तशीच थांबलेली असू शकते. चालू आहे की थांबलीय ते बघायला तिच्यावर आडवी काचपट्टी किंवा प्लास्टरची पट्टी दोन ठिकाणी लावा, तारीख लिहा. पट्टी तुटली तर भेग जिवंत. मी भेग बघून कधी घाबरत नाही, पट्टी तुटली की मात्र त्याच दिवशी जड वाहनं थांबवायला सांगतो, कारण बारीक खांबांच्या पुलात एक कमान गेली तर शेजारच्या खांबाला एका बाजूचा आधार राहत नाही आणि पुढची कमानही जाऊ शकते.

दगड फुटून पूल पडला असं मी जवळपास पाहिलेलं नाही. पूल जातात ते पायामुळे. पुरात पाणी खांबाच्या नाकाशी आदळून खाली वळतं आणि बुडाची माती-वाळू खरवडून नेतं, पाणी उतरलं की तोच खड्डा गाळाने भरतो आणि वरून काहीच दिसत नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा होता, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एसटी बस आणि इतर गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. शेजारी नवा पूल उभा होता, जुन्यावरूनही वाहतूक चालू होती. त्या रात्रीनंतर मी एकाही पुलाचा रिपोर्ट फक्त वरून बघून दिलेला नाही. लांब बांबू किंवा सळई घेऊन खांबाच्या नाकाशी खुपसा, शेजारच्या पात्रात जेवढी जाते त्यापेक्षा खूप जास्त सहज आत जात असेल तर तिथे खड्डा भरलेला आहे. आणि पुलाच्या वर-खाली वाळू उपसा चालू असेल तर आधी तो थांबवा, बाकी सगळी दुरुस्ती त्याच्यापुढे वाया आहे. एकदा मी खांबाच्या बुडाशी कंबरभर पाण्यात उभा होतो, तळातल्या दगडाखाली हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, खाली नुसतं थंड पाणी वाहत होतं आणि डोक्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. तो स्पर्श मी विसरू शकत नाही.

दुसरं दुखणं आतलं. पुलाच्या खांबात बाहेर घडीव चिरे असतात आणि आत दगडगोटे आणि चुना. बाहेरचं काम कितीही देखणं असलं तरी आतलं कच्चं असेल तर पूल टिकत नाही. बोरघाटाची, म्हणजे खंडाळ्याच्या घाटातली, रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि १८६७ मध्ये त्यावरचा एक मोठा दगडी पूल निकृष्ट गवंडीकामामुळे कोसळला, म्हणजे त्या काळचं सगळंच काम भक्कम होतं असंही नाही. तुमच्या कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ दिसत असतील तर तो आतला चुना पाण्याबरोबर झिरपून बाहेर येतोय. हातोडीने हळू ठोकत जा, खणखणीत आवाज म्हणजे भरीव, बद्द आवाज म्हणजे आत पोकळ. पोकळ जागा खडूने गोल करा.

यावर बरेच ठेकेदार सगळ्या दरजा सिमेंटने बुजवून टाकतात, वरून काळे चौकोन आणि पांढऱ्या रेघा मारून पूल नवा दिसतो. कृपा करून हे होऊ देऊ नका. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही, ते आतच साठतं आणि चुना आणखी धुऊन काढतं. चुन्याच्या कामाला चुनाच पाहिजे, आणि पाणी बाहेर जायला सोडलेली भोकं मोकळी पाहिजेत. पिंपळ-उंबराची रोपं ओढून उपटू नका, मुळासोबत दगड सुटतो, बुंधा कापून मूळ मारायचं आणि मग दरज भरायची. आणि डांबर. दर वेळी जुन्यावर नवा थर टाकत गेल्याने एका पुलावर मी सव्वा फूट जाड डांबर मोजलंय, तेवढं ओझं कमानीवर कायमचं आणि कठडा माणसाच्या गुडघ्याएवढा उरलेला. तो थर खरवडून काढला तेव्हा खाली मूळची दगडी फरसबंदी निघाली, बैलगाडीच्या चाकांच्या चाकोऱ्या पडलेली, दोन्ही चाकोऱ्या हाताच्या बोटभर खोल. गावातली म्हातारी माणसं येऊन त्या चाकोऱ्यांत पाय ठेवून उभी राहिली होती.

पाडायचं की ठेवायचं यावर माझं मत स्पष्ट आहे. नवा पूल होतोय तर जड वाहनं तिकडे जाऊ द्या आणि जुना पायी, सायकल, बैलगाडी आणि जनावरांसाठी ठेवा. कमानीच्या पुलाला गाड्यांचं ओझं काढून घेतलं की त्याचं आयुष्य खूप वाढतं. पाडायचं कारण म्हणून जुना पूल पाणी अडवतो आणि पूर गावात शिरतो असं सांगितलं जाईल, आणि हे कधी कधी खरंही असतं, जाड खांब पात्राचा बराच भाग खातात. तेव्हा नुसतं भावनेवर अडून बसू नका, हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन, म्हणजे पुराचं पाणी पुलाखालून किती जातं त्याचा हिशेब, दाखवा म्हणून लेखी मागा, आणि कमानीची भार सोसायची क्षमता आयआरसीच्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, एसपी ३७ या मार्गदर्शिकेप्रमाणे तपासली का तेही विचारा. पाडणं खरंच अटळ ठरलं तर निदान सगळी मापं, फोटो आणि चुन्याचे नमुने आधी घ्या आणि कळीचे दगड जपून उतरवा.

या वर्षी पाऊस यायला अजून वेळ आहे तोवर एवढं करा, चारही खांबांच्या नाकांची मापं फूट-इंचात, पाचही गाळ्यांची रुंदी, टोकदार आणि गोल कमानीतला आतला चुना वेगवेगळ्या पिशवीत तारीख घालून, आणि भेगेवर दोन पट्ट्या. सुरुवात त्या भेगेच्या खांबापासून करा आणि सळई पाण्यात खुपसायला एकटे जाऊ नका, पोहता येणारा माणूस काठावर उभा ठेवा.